फळ्याची डावी बाजू

जो मनुष्य स्वतःविषयी लिहावयास बसतो, त्याच्या हातून दुसऱ्याचा अपराध घडण्याचा संभव फार असतो. आयुष्य माझे, आठवणी माझ्या, तेव्हा त्या चारचौघांपुढे मांडण्यास कोणाची अनुज्ञा कशाला हवी, असे त्याला अगदी निर्मळपणे वाटते. परंतु आठवणीत मनुष्य एकटा राहत नाही. तिथे त्याची आई असते, पत्नी असते, शेजारी असतात. आणि त्यांपैकी कोणीही आपण होऊन तिथे येऊन बसलेले नसते. मग लिहिणाऱ्याने लिहूच नये काय? हा प्रश्न पंडितांच्या सभेत शोभावा असा आहे. तो डोंबिवलीजवळच्या कोपर येथे, ‘सुखनिवास’ नावाच्या तीन मजली इमारतीच्या जिन्याखाली, सीताराम तांडेल यांना पडला होता. आणि त्याचे उत्तर सापडेपर्यंत साऱ्या इमारतीचे पाणी संपून गेले.

सीताराम हे खाडीकाठच्या कोळी घराण्यातले. वडिलांची होडी होती, ती त्यांच्यामागे विकली गेली, आणि मॅट्रिक झालेला मुलगा ठाण्यास नौपाड्यात एका औषधांच्या पेढीत माल रवाना करण्याच्या खात्यात लागला. लाकडी खोक्यांवर ब्रशाने गावांची नावे रंगवता रंगवता त्यांचे अक्षर असे काही वळणदार झाले, की इमारतीतल्या साऱ्यांना त्याचे कौतुक. म्हणूनच जिन्याखालच्या भिंतीवर काळा रंग देऊन जो फळा केला होता, त्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढून उजवी बाजू सोसायटीच्या सूचनांना आणि डावी बाजू तांडेलांना, अशी वाटणी फार पूर्वीच झाली होती.

डाव्या बाजूस सीताराम रोज सकाळी कामावर निघण्यापूर्वी आठदहा ओळी लिहीत. विषय कोणताही. काल कचेरीत साहेबांनी कोणत्या खोक्यावर बसून झोप काढली; भरतीचे पाणी रात्री उंबऱ्याशी आले की वडील त्याच्याशी कसे बोलत; पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून होडी कोरताना चाकू कोणत्या दिशेने चालवावा. होड्या कोरणे हा त्यांचा छंद. वाचणारे वाचत, आणि ज्याला काही सुचे तो खाली खडूने आपली ओळ जोडून जाई. नाव कोणी घालत नसे, पण अक्षर सर्वांचे सर्वांना ठाऊक होते.

या सुखाचा शेवट सीतारामांनी आपल्याच हाताने केला. एके दिवशी त्यांनी लिहिले, की लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात केशरने सासऱ्यांच्या माशाच्या कालवणात मिठाऐवजी साखर घातली, आणि वडिलांनी ते निमूटपणे संपवून वर दुसऱ्यांदा मागून घेतले. लिहिणाऱ्याच्या मनात वडिलांचा मोठेपणा होता. वाचणाऱ्यांच्या मनात साखर राहिली. पुढे कित्येक दिवस जिन्यात भेटेल ती बाई म्हणे, “केशरबाई, वाटीभर मीठ द्या ना. पण मीठच द्या हं!”

केशरबाईंनी भांडण केले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “तुमच्या बापाची गोष्ट होती ना? मग मला कशाला उभं केलंत त्या फळ्यावर?”

सीतारामांना उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवसापासून डावी बाजू कोरी राहिली, आणि सात वर्षे कोरी राहिली. त्या काळात फळ्यावर जे काही उमटले ते उजव्या बाजूस उमटले, आणि बहुतेक वेळा ते पाण्याविषयी होते. आज पाणी उशिरा येईल, उद्या टाकी धुणार आहेत, परवा पंप दुरुस्त होईल. इमारतीतील लोकांची अशी सवय होऊन गेली, की फळ्यावर खडूचा पांढरा रंग दिसला की मन आपोआप बादलीकडे धाव घेई. ही सवय पुढील अनर्थाचे मूळ होय.

एकोणीसशे त्र्याण्णव साली सीतारामांना पुन्हा लिहावेसे वाटू लागले. ते वडिलांच्या होडीची प्रतिकृती कोरीत होते. नाळ, म्हणजे पुढचे निमुळते टोक, जमली, पण मागची बाजू काही केल्या वडिलांच्या होडीसारखी वळेना. आठवू लागले, तसतसे होडीऐवजी दुसरेच सारे आठवू लागले. वडिलांच्या विडीचा वास, आईची हाक, चिखलात रुतलेला स्वतःचा पाय. एवढा ऐवज मनात ठेवून मनुष्य औषधांची खोकी किती दिवस मोजणार?

एका संध्याकाळी त्यांनी धीर करून विषय काढला. केशरबाई बोंबील साफ करीत होत्या.

“केशर, मी म्हणतो, फळ्यावर पुन्हा थोडंसं लिहावं का?”

“कोणाबद्दल?”

“माझ्याबद्दलच गं.”

“मागच्या वेळीपण तुमच्याबद्दलच होतं.”

“तुझं नाव नाही येणार. खाडीची शपथ.”

“खाडीची कशाला? ती बिचारी भरती-ओहोटी दोन्ही करते. मला दाखवायचं आधी. मी वाचल्याशिवाय खडूला हात लावायचा नाही.”

“अगं, रोज?”

“रोज. नाहीतर होड्या कोरा गप.”

सीतारामांनी ही अट आनंदाने मान्य केली. त्यांना वाटले, पत्नी आपले लेखन वाचणार, याहून मोठे भाग्य ते कोणते! केशरबाईंनी वाचन कसे करावयाचे ठरविले होते, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्या पाठकोऱ्या कागदावरचा मजकूर हातात घेत, वरची ओळ वाचत, आणि मग तांदळातला खडा शोधावा तशी नजर फिरवून आपले नाव कुठे आहे काय ते पाहत. नाव नसले की कागद परत. “छान आहे,” असे म्हणावयासही त्या विसरत नसत.

डावी बाजू पुन्हा जागी झाली, आणि इमारतीला जणू हरवलेला आवाज मिळाला. पहिल्या मजल्यावरच्या रंगूबाई, ज्या परिचारिकेच्या कामातून निवृत्त होऊन आता साऱ्या इमारतीची नाडी पाहत असत, त्या भाजी आणावयास निघताना फळ्यापाशी थांबू लागल्या. सोसायटीचे सचिव अण्णा टिपणीस चष्मा पुसून वाचू लागले. होडीची मागची बाजू जमत नाही असे वाचून कोणी खाली लिहिले, ‘पुढची बाजू दोन्हीकडे लावा.’ दुसऱ्याने लिहिले, ‘तांडेल, कचेरीत काम केव्हा करता?’ सीताराम संध्याकाळी परत आले की घरी जाण्यापूर्वी हे अभिप्राय वाचत, आणि जिना चढताना त्यांच्या तोंडावर जे हसू असे ते केशरबाईंना आवडू लागले होते. ही गोष्ट त्यांनी कबूल मात्र केली नाही.

आता त्या गुरुवारचे सांगावयाचे.

बुधवारी रात्रीच्या जेवणाआधी सीतारामांनी जो मजकूर केला, तो त्यांच्या आईविषयी होता. आपल्या लेखणीस आता धार आली आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. धार आलेला लेखक पहिल्याच ओळीत वाचकाला चकित करू पाहतो. त्यांनी आरंभ असा केला: ‘तीन दिवस पाणी येणार नाही. घरातील असतील नसतील ती सर्व भांडी भरून ठेवा.’ पुढे होते, की अशी हाळी देत गावचा माणूस कोळीवाड्यातून फिरला म्हणजे आईला सणासारखे वाटे. ती हंडे, घागरी, परात, वाट्या, शेवटी पळीसुद्धा भरून ठेवी. आणि दुसऱ्याच दिवशी सार्वजनिक नळाला पाणी आले की ते साठवलेले पाणी शेजारणींना वाटत फिरे, कारण फेकून देणे तिच्या जिवावर येई.

केशरबाईंनी कागद घेतला. कढईत तेल तापले होते. त्यांनी वरची ओळ वाचली, खाली नाव शोधले, ते नव्हते.

“छान आहे,” त्या म्हणाल्या.

सीताराम समाधानाने होडीकडे वळले. केशरबाई मात्र गॅलरीत गेल्या, खाली वाकल्या, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “रंगूबाई, अहो रंगूबाई! तीन दिवस पाणी जाणार आहे. यांना आधीच कळलंय, उद्या फळ्यावर लिहिणारेत. कोणाला बोलू नका.”

“मी कशाला बोलू? शपथ!” रंगूबाई म्हणाल्या.

सकाळी सीतारामांनी आपल्या उत्तम अक्षरात तो मजकूर डाव्या बाजूस उतरविला, एकवार मागे सरून पाहिला, आणि ते कामावर गेले. दिवसभर खोक्यांवर नाशिक, सातारा, अकोला अशी गावे रंगविताना त्यांच्या मनात एकच विचार घोळत होता, की आईची ती पळी वाचून लोकांचे डोळे पाणावतील.

संध्याकाळी ते परतले तेव्हा जिन्यात वाट नव्हती. पायरीपायरीवर पिंपे, बादल्या, कळशा, तपेली, कुकरची भांडी, पूजेचा तांब्या, सारे काठोकाठ भरलेले. पंप चालविणारा काळुराम टाकीच्या झाकणावर डोके धरून बसला होता.

“काय झालं रे काळुराम?”

“साहेब, वरची टाकी खाली, खालची टाकी खाली. सकाळी नऊपासून सगळे नळ एकदम उघडले. आता पहाटेशिवाय थेंब नाही. तीन दिवस तुम्ही बोललात, पण पाणी तर आजच संपलं.”

“मी बोललो?”

“अहो, असं काय करता? फळ्यावर लिहिलंय ना तुम्ही.”

तेवढ्यात रंगूबाई दारात आल्या. “तांडेल, एक विचारू का? तीन दिवस म्हणजे आजपासून, की उद्यापासून? म्हणजे आंघोळ करायची की नाही ते ठरवते.”

सीतारामांनी वळून फळ्याकडे पाहिले. पहिल्या दोन ओळी स्वच्छ होत्या. त्यांच्याखालचा मजकूर भरलेल्या बादल्यांच्या ओल्या स्पर्शाने पुसट झाला होता. आईच्या पळीपर्यंत कोणीही पोहोचले नव्हते. एक अभिप्राय तेवढा खाली होता: ‘वेळेवर सांगितल्याबद्दल आभारी आहोत.’ अक्षर अण्णांचे होते.

घरात केशरबाईंनी न मागता चहा पुढे केला. सोबत भजी. गेल्या कित्येक महिन्यांत भजी झाली नव्हती. सीतारामांनी हात धुण्यासाठी न्हाणीत पाऊल टाकले, आणि पाहतात तो पिंपात त्यांच्या कोरलेल्या सगळ्या होड्या तरंगत होत्या. ज्या फळीवर त्या मांडून ठेवलेल्या असत, तिथे आता भरलेले डबे होते. डिंकाचा डबासुद्धा धुऊन भरला होता.

“केशर.”

“भजी गार होतील.”

“केशर, तू तर कागद वाचला होतास ना काल?”

“वाचला ना.”

“मग पळीपर्यंत वाचलास का?”

केशरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. “मी माझं नाव शोधत होते. ते नव्हतं. वरची ओळ दिसली. म्हटलं, तुम्हाला कुठूनतरी आधी कळलं असेल.”

“मग?”

“मग काय, रंगूबाईंना बोलले. त्यांनी शपथ घेतली होती.”

“कसली?”

“कोणाला सांगणार नाही म्हणून. तेव्हाच समजायला हवं होतं मला.” त्यांचा चेहरा उतरला. “अहो, पण हे कुठं बोलू नका हं. परत सगळ्या माझ्या मागं लागतील. जिना उतरणं मुश्कील करतील.”

सीतारामांनी पिंपातली एक होडी उचलली. ती एका कुशीवर कलली होती. “नाही बोलणार,” ते म्हणाले.

रविवारी सकाळी अण्णांनी जिन्याखाली सभा बोलाविली. अण्णा रागावले होते, आणि त्यांच्या रागास कारण होते. पाण्याची प्रत्येक सूचना ज्यांच्या हातून जाते, ते सचिव स्वतः फळा वाचून न्हाणीघर भरून बसले होते. अध्यक्षांनी परस्पर तांडेलांकडून लिहवून घेतले असेल, असे त्यांना वाटले. अध्यक्षांना वाटले, अण्णांनी लिहवून घेतले असेल. आता दोघेही एकमेकांकडे पाहत नव्हते.

“एक गोष्ट मला समजत नाही,” अण्णा म्हणाले. “मी सकाळी सातला फळा वाचला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावर पाणी आधीच भरून झालं होतं. म्हणजे हे बोलणं फळ्याच्याही आधी फुटलं. कुठून?”

रंगूबाई छताकडे पाहू लागल्या. छताकडे पाहण्यासारखे काही नव्हते. केशरबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर पदर घट्ट धरून बसल्या होत्या.

सीतारामांना उत्तर ठाऊक होते. ते उच्चारले असते तर डावी बाजू वाचली असती. त्यांच्या मनात क्षणभर आले, की मी फळ्यावर लिहिणार नाही असे वचन दिले आहे. तोंडाने सांगणार नाही असे कुठे म्हटले? मग त्यांना आठवले, की गुरुवारीच भज्यांच्या साक्षीने तेही म्हटले होते.

“अण्णा, चूक माझी,” ते म्हणाले. “आरंभच तसा लिहिला मी. वाचणाऱ्याने काय करावं? माझी बाजू आजपासून बंद करा. क्षमा मागतो, तेवढी लिहितो, आणि खडू तुमच्या हवाली करतो.”

तांडेलांची बाजू बंद व्हावी असे मनातून कोणालाच वाटत नव्हते. पण ओल्या जिन्यावरून घसरलेले दोघेजण पुढेच बसले होते.

सीतारामांनी फळा पुसला आणि लिहिले: ‘गुरुवारी जे झाले त्याबद्दल सर्वांची क्षमा मागतो. डावी बाजू आता सोसायटीची. सी. तांडेल.’ नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिले, तरी शेवटचा काना थोडा वाकडा गेला. ते खडू अण्णांच्या हाती देणार, तोच मागून कोणीतरी तो काढून घेतला.

केशरबाई फळ्यासमोर उभ्या होत्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, आणि त्यानंतर रेशनकार्डाखेरीज कुठे फारसे न लिहिलेल्या. पहिले अक्षर उमटावयासच एवढा वेळ लागला, की सारी सभा उभी राहून, अक्षर उमटेल तसे मोठ्याने वाचू लागली.

“पा… णी… जा… णार…”

“पुन्हा?” काळुराम किंचाळला.

“गप रे! पुढं वाच. हे… मी… रंगू… बाईंना… सांगितले.”

“अगं!” रंगूबाईंची नजर छतावरून खाली आली. “माझं नाव कशाला घातलंस? चारचौघांत?”

केशरबाईंचा हात थांबला. त्यांनी स्वतःच लिहिलेल्या ओळीकडे पाहिले, मग रंगूबाईंकडे, आणि मग सावकाश नवऱ्याकडे.

“आलं ते आपोआप,” त्या म्हणाल्या. “खरंच हो. माझंच सांगत होते मी. पण तुम्हाला सोडून सांगताच येईना.”

सात वर्षांपूर्वी सीतारामांना जे उत्तर द्यावयाचे होते, ते आज त्यांच्या पत्नीने दुसऱ्याच एका बाईला दिले होते.

“पुसून टाक बघू ते,” रंगूबाई म्हणाल्या.

“पुसते. तुम्ही सांगाल तसं करते.”

रंगूबाई विचारात पडल्या. साऱ्यांच्या नजरा त्यांच्यावर होत्या, आणि असा प्रसंग निवृत्तीनंतर त्यांच्या वाट्यास आला नव्हता. “राहू दे,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण पुढं हेही लिही, की मी फक्त तिघींनाच सांगितलं होतं. बाकीच्यांना त्यांनी सांगितलं. आणि ‘रंगूबाई’चा ऊकार नीट काढ.”

मग काय विचारता! त्या तिघी पुढे आल्या, आपापली बाजू मांडू लागल्या. आम्ही कोणाकोणाला सांगितले तेही लिहा, म्हणाल्या. केशरबाईंचे हात, पदर, कपाळ खडूने पांढरे झाले. लिहिता लिहिता त्यांनी सीतारामांच्या क्षमापत्राचाही बराच भाग व्यापला, आणि शेवटी एक ओळ जोडली: ‘यांचे लिखाण मी अर्धे वाचले आणि सव्वा सांगितले. यापुढे पुरे वाचीन.’

हसण्याचा असा लोट उठला, की अण्णांना सभा संपली असे जाहीर करावयास तीनदा खाकरावे लागले. अध्यक्ष त्यांच्या खांद्याला खांदा लावून हसत होते. “तांडेल,” अण्णा म्हणाले, “निर्णय असा, की डाव्या बाजूला पाणी या विषयावर लिहायचं नाही.”

“अण्णा, मी खाडीवरचा माणूस. पाणी सोडून काय लिहू?”

“मग पहिल्या ओळीत नको. खाली कुठंतरी सोडा.” अण्णांनी चष्मा काढून पुसला. “आणि त्या गुरुवारच्या मजकुराचं पुढं काय होतं हो? आईचं काहीतरी होतं म्हणे. आम्ही कुणी वाचलंच नाही.”

त्या दुपारी सीतारामांनी केशरबाईंना तो मजकूर पहिल्या ओळीपासून पळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखविला. भरलेले पाणी शेजारणींना वाटत फिरणारी सासू त्यांना आठवली. त्या मध्येच उठल्या, गुरुवारच्या पाण्यातल्या उरलेल्या दोन कळशा उचलल्या, आणि जिना उतरून रंगूबाईंच्या कुंड्यांना घालून आल्या. परत आल्यावर म्हणाल्या, “माझं नाव येतंय का याच्यात?”

“नाही.”

“मग घाला कुठंतरी. मी भरलेली होती ना एक घागर त्या दिवशी? आईंबरोबर? तेवढं आलं पाहिजे. पण मला दाखवून.”

जे स्वतःविषयी लिहितात, आणि ज्यांची नावे त्या लिखाणात नकळत येऊन बसतात, त्या दोघांनाही एकमेकांचे पुरे ऐकून घेण्याइतकी सवड मिळो. त्या जिन्याखाली थांबणाऱ्या साऱ्यांच्या घरी नळाला वेळेवर पाणी येवो, खडू ओला न होवो, आणि त्यांच्या हसण्यात कोणी एकटे न पडो.